सेट आणला गेला, वापरला गेला नाही : इलेन ब्रोमिली प्रकरणाचा अभ्यास

इलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या महिलेवर २९ मार्च २००५ रोजी सकाळी इंग्लंडमधील एका खाजगी रुग्णालयात सायनसची नियोजित शस्त्रक्रिया व्हायची होती. दुखणे जुने होते, प्रकृती एरवी चांगली होती आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गंभीर धोक्याची सूचना मिळालेली नव्हती. सकाळी ८.३५ च्या सुमारास भूल देण्यात आली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात जे घडले त्यातून त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत आणि तेरा दिवसांनी, ११ एप्रिल रोजी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मागे पती आणि दोन लहान मुले राहिली.

परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या सांघिक कामाविषयी अनेक देशांत शिकवल्या जाणाऱ्या प्रकरणांपैकी हे एक अतिशय परिचित प्रकरण आहे. तरीही ते बहुतेक वेळा अर्धेच शिकवले जाते, असे माझे मत आहे. ‘परिचारिकांनी ठामपणे बोलायला हवे होते’ एवढा धडा काढून वर्ग संपतो आणि सगळा भार खोलीतील सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्तीवर येऊन पडतो. प्रत्यक्षात त्या सकाळी परिचारिका बोलल्या होत्या आणि आपापल्या परीने त्यांनी कृतीही केली होती. त्यांचे बोलणे ऐकले जाईल आणि त्यावर काय करायचे हे सर्वांना आधीच ठाऊक असेल, अशी तयारी त्या व्यवसायांनी एकत्र बसून केलेली नव्हती. या लेखात प्रकरणाची मांडणी त्या बाजूने केली आहे.

त्या सकाळचा क्रम

भूल दिल्यानंतर श्वसनमार्ग मोकळा ठेवण्यासाठी भूलतज्ज्ञांनी लॅरिंजिअल मास्क, म्हणजे घशात सरकवून स्वरयंत्राच्या तोंडाशी टेकवण्याचे मऊ साधन, बसवण्याचा प्रयत्न केला. जबडा घट्ट होता, त्यामुळे तो बसेना. भुलेच्या औषधाची मात्रा वाढवली, मास्कचा आकार बदलून पाहिला, तरीही जमेना. दोनच मिनिटांत, ८.३७ ला, रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ७५ टक्क्यांवर आली आणि रुग्ण निळसर दिसू लागली. निरोगी माणसात हा आकडा ९५ च्या वर असतो. ८.३९ ला तो ४० पर्यंत घसरला. तोंडावर मास्क धरून शुद्ध प्राणवायू दाबाने आत ढकलण्याचा प्रयत्न चालू होता, पण छातीत हवा जवळजवळ जातच नव्हती. हृदयाचे ठोके मंदावले म्हणून अॅट्रोपिन देण्यात आले, स्नायू सैल करण्यासाठी सक्सामिथोनियम देण्यात आले आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची खटपट सुरू झाली. लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात घालून स्वरयंत्र पाहण्याच्या उपकरणाने, पाहिले तर स्वरयंत्राचे तोंडच नजरेस पडत नव्हते.

एव्हाना शेजारच्या ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) दुसरे भूलतज्ज्ञ मदतीला आले होते आणि शस्त्रक्रिया करणारे कान-नाक-घसा तज्ज्ञही रुग्णाच्या डोक्याशी येऊन उभे राहिले होते. नळी घालता येत नाही आणि मास्कनेही प्राणवायू पोचवता येत नाही, ही भूलशास्त्रातील अत्यंत भीषण स्थिती मानली जाते. तिच्यासाठी काय करायचे हे तेव्हा अज्ञात नव्हते. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या आणि त्यांतील शेवटची पायरी स्पष्ट होती : मानेच्या पुढच्या बाजूने, कंठमण्याच्या खालच्या पातळ पडद्यातून श्वासनलिकेत थेट वाट करायची आणि प्राणवायू द्यायचा. तिघे तज्ज्ञ मात्र तोंडावाटे नळी घालण्याच्याच प्रयत्नांत राहिले. लॅरिंगोस्कोपचे पाते बदलले, लवचीक फायबरऑप्टिक दुर्बीण वापरून पाहिली, पुन्हा नळी, पुन्हा अपयश. नवाच्या थोडे आधी वेगळ्या प्रकारचा एक मास्क बसला आणि संपृक्तता ९० पर्यंत चढली, पण त्या मास्कमधूनही नळी घालण्याचे प्रयत्न सुरूच राहिले. अखेर ९.१० च्या सुमारास शस्त्रक्रिया रद्द करून रुग्णाला आपोआप शुद्धीवर येऊ द्यावे असे ठरले आणि त्यांना रिकव्हरीत हलवण्यात आले. मेंदूला सुमारे वीस मिनिटे अत्यल्प प्राणवायू मिळाला होता. त्या शुद्धीवर येत नाहीत हे लक्षात आल्यावर, त्याच दिवशी सकाळी उशिरा त्यांना दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नेण्यात आले.

खोलीत कोण होते आणि कोणाला काय ठाऊक होते

अननुभवी माणसांच्या हातून घडलेली ही घटना नव्हती, हे आधी नीट लक्षात घेतले पाहिजे. भूलतज्ज्ञांना सोळा वर्षांचा अनुभव होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांना तिसांहून अधिक वर्षांचा होता, आणि मानेतून श्वसनमार्ग उघडणे हे तर त्यांच्या शाखेचेच कौशल्य. परिचारिकाही बहुतेक अनुभवी होत्या. ओटी सुसज्ज होती, लागणारी साधने हाताशी होती. ज्ञान, हात आणि उपकरणे या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत, रुग्णापासून काही फुटांवर हजर होत्या.

आता परिचारिकांकडे पाहू, कारण प्रकरणाचा गाभा तिथे आहे. रुग्णाचा रंग आणि मॉनिटरवरचा आकडा पाहून त्यांच्यापैकी एकीने ट्रॅकिओस्टॉमी सेट, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत वाट करण्याची साधने, आणवला आणि तो तयार असल्याचे तज्ज्ञांना सांगितले. तिला काहीच प्रतिसाद मिळाला नाही. दुसरी परिचारिका बाहेर जाऊन अतिदक्षता विभागाला फोन करून आली, खाट मिळेल याची खात्री करून घेतली आणि परत येऊन तसे सांगितले. तज्ज्ञांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून, आपण उगाच घाबरून घाई केली असे त्यांना वाटते आहे, असा अर्थ तिने घेतला. ती पुन्हा फोनपाशी गेली आणि ती खाट नको असल्याचे कळवले. पुढे न्यायिक चौकशीत दोन परिचारिकांनी सांगितले की काय करायला हवे होते हे त्यांना कळत होते, पण तो विषय कसा काढावा हे कळत नव्हते.

हा फोनचा प्रसंग मला सेटच्या प्रसंगापेक्षाही अधिक बोलका वाटतो. परिचारिकेचे निदान बरोबर होते, तिची कृती बरोबर होती आणि ती कृती पूर्णही झाली होती. ती मागे घेण्याची सूचना कोणी केली नव्हती, विरोधाचा एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता. केवळ नजरेचा अर्थ लावून एका प्रशिक्षित व्यक्तीने आपला योग्य निर्णय स्वतःच रद्द केला. या वागण्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. निर्णय कोणी घ्यायचा आणि तो योग्य आहे की नाही हे कोणाच्या चेहऱ्यावर वाचायचे, याचे वर्षानुवर्षांचे शिक्षण त्या क्षणी काम करत होते. ते शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते. वॉर्डात, ओटीत, राउंडच्या वेळी, कोण कोणाच्या मागे उभे राहते यातून ते मिळत असते.

चौकशी झाली ती कशी

इलेन यांचे पती मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायाने विमानचालक. विमान अपघातानंतर, मग तो कोणाच्याही चुकीने झालेला असो, स्वतंत्र चौकशी होतेच, हे त्यांना इतके गृहीत होते की इथेही ती होईल असे त्यांनी धरले होते. कोणी तक्रार किंवा दावा केल्याशिवाय अशी चौकशी होत नाही, हे त्यांना अतिदक्षता विभागात कळले. त्यांनी रुग्णालयाच्या प्रमुखांशी बोलून चौकशीचा आग्रह धरला आणि भूलशास्त्राचे प्राध्यापक मायकेल हार्मर यांनी स्वतंत्र आढावा घेतला. पुढे न्यायिक चौकशीही झाली. मार्टिन यांनी नंतर हा अहवाल, आवश्यक ती नावे वगळून, सर्वांसाठी खुला केला आणि २००७ मध्ये क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप ही संस्था सुरू केली. आज आपण या प्रकरणाचा मिनिटागणिक अभ्यास करू शकतो तो या पारदर्शकतेमुळे.

संबंधित डॉक्टर पुन्हा कामावर रुजू झाले, आणि आपल्याला नेमके तेच हवे होते असे मार्टिन यांनी जाहीरपणे सांगितले आहे, कारण या अनुभवातून गेलेली माणसे पुढे अधिक सावधपणे काम करतील असा त्यांचा विश्वास होता. पत्नी गमावलेल्या माणसाची ही भूमिका मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे चर्चा ‘दोषी कोण’ यावरून ‘हे घडते कसे’ यावर आली. अर्थात त्याचा अर्थ जबाबदारी पुसली गेली असा नाही. आढाव्यात वैद्यकीय निर्णयांवर स्पष्ट टीका आहे.

तिघांना दिसले नाही ते दोघींना का दिसले

एकाच कामात हात आणि डोळे पूर्ण गुंतलेल्या माणसाची काळाची जाणीव क्षीण होते. भूलतज्ज्ञ स्वरयंत्राकडे पाहत होते. नळी आत जाईलच, आणखी एका प्रयत्नाने जाईल, असे वाटत राहणे ही त्या स्थितीची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. दोन पावले मागे उभ्या असलेल्या परिचारिकेला रुग्णाचा चेहरा, मॉनिटर, घड्याळ आणि तिघा तज्ज्ञांच्या हालचाली एकाच वेळी दिसत होत्या. तिचे ज्ञान त्यांच्यापेक्षा अधिक होते असा दावा करण्याची गरज नाही. तिची जागा वेगळी होती आणि त्या जागेवरून जे दिसत होते ते डोक्याशी वाकलेल्या माणसाला दिसणे कठीण होते. संघात वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे असण्याचा एक मोठा फायदा हाच असतो.

दुसरी अडचण नेतृत्वाची. दुसरे भूलतज्ज्ञ आले, शल्यचिकित्सक आले, आणि मदत वाढली तसतसे सूत्र कोणाच्या हाती आहे हे अस्पष्ट होत गेले. तिघेही ज्येष्ठ, तिघेही समर्थ; ‘आता थांबू या, गळ्यातून मार्ग करू या’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार तिघांनाही होता आणि म्हणूनच ते म्हणणे कोणा एकाचे काम राहिले नाही. अशा वेळी परिचारिकेने आपले म्हणणे नेमके कोणाला उद्देशून सांगायचे? सेट तयार आहे हे तिने खोलीला सांगितले. खोली उत्तर देत नाही, उत्तर माणसे देतात, आणि कोणा एका माणसाने उत्तर देणे बंधनकारक नव्हते.

तिसरी गोष्ट तिच्या वाक्याच्या रूपाची. कनिष्ठ व्यक्ती ज्येष्ठाला धोक्याची जाणीव करून देते तेव्हा ती बहुधा सूचनेऐवजी माहिती देते. निष्कर्ष काढण्याचे काम आदराने समोरच्यावर सोपवते. ‘सेट आला आहे’ या माहितीमागे ‘नळी घालणे थांबवा आणि हा वापरा’ असा पूर्ण विचार होता, पण तो ऐकणाऱ्याने स्वतः पुरा करायचा होता, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष त्या क्षणी कशाचाही विचार पुरा करण्याच्या स्थितीत नव्हते.

विमानवाहतुकीला हा धडा याआधीच, मोठी किंमत मोजून मिळाला होता. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जण दगावले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी ते सांगितलेही होते, पण परिस्थितीचे गांभीर्य कॅप्टनपर्यंत पोचेल अशा रीतीने नाही. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून ज्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली ते पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने रूढ झाले. रुग्णालयांनी त्यातून उचलण्याजोगी मुख्य बाब माझ्या मते ही, की कनिष्ठांना बोलायला शिकवण्याइतकाच भर कॅप्टनांची वागण्याची पद्धत बदलण्यावर दिला गेला, आणि पुढे दोघेही एकाच वर्गात, एकाच सरावात बसू लागले. वैद्यकीय क्षेत्राने हा विचार उसना घेतला तेव्हा पहिला भाग पटकन घेतला आणि दुसरा बऱ्याच ठिकाणी मागे ठेवला.

एकत्र शिकण्याने इथे काय बदलले असते

आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणजे दोन किंवा अधिक व्यवसायांतील विद्यार्थ्यांनी वा कर्मचाऱ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे. ब्रिटनमध्ये या कामासाठी केप ही संस्था १९८७ पासून आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये यासंबंधीचा कृतिआराखडा प्रसिद्ध केला. ‘सोबत’ बसवणे सोपे आहे. मोठ्या सभागृहात दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी आणून एक व्याख्यान दिले की ते होते. ‘एकमेकांकडून’ आणि ‘एकमेकांविषयी’ हे कठीण आहे, आणि ब्रोमिली प्रकरणात नेमकी त्याचीच गरज होती. मानेतून श्वसनमार्ग उघडण्याचा निर्णय भूलतज्ज्ञाला मानसिकदृष्ट्या किती जड असतो हे परिचारिकेला ठाऊक असायला हवे होते. परिचारिका जेव्हा न मागता एखादा सेट आणून ठेवते तेव्हा तिने एक निदान केलेले असते, हे भूलतज्ज्ञाला ठाऊक असायला हवे होते.

असा सराव प्रत्यक्षात कसा चालतो ते एका प्रसंगावरून दाखवतो. ओटीच्या टेबलावर सरावाचा पुतळा आहे, बाजूला मॉनिटर. पल्स ऑक्सिमीटरच्या ‘टिक’चा सूर संपृक्तता घसरली की खाली उतरत जातो, पाठ करून असलेल्यांनाही तो उतरता आवाज अस्वस्थ करतो. भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करतो आहे आणि प्रशिक्षकाने मुद्दाम ती जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे. बी.एस्सी. नर्सिंगची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी ट्रॉलीपाशी आहे. आधी ठरलेल्या पायऱ्यांनी ती बोलते. पहिल्यांदा प्रश्न : ‘सर, सॅचुरेशन ६० आहे. गळ्यातून मार्ग करायची तयारी करू का?’ उत्तर नाही. मग इशारा : ‘सर, तीन प्रयत्न झाले, सॅचुरेशन ४० आहे, मला रुग्णाच्या जिवाची काळजी वाटते.’ तरीही उत्तर आले नाही तर थेट : ‘सर, नळीचा प्रयत्न थांबवा. सेट उघडला आहे.’ या पायऱ्यांना वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावे आहेत. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या टीमस्टेप्स प्रशिक्षणातही काळजी, अस्वस्थता आणि सुरक्षिततेचा धोका अशी चढत जाणारी वाक्ये शिकवली जातात.

इथपर्यंतचा सराव परिचारिकांच्या वेगळ्या वर्गातही घेता येतो आणि बऱ्याच ठिकाणी घेतलाही जातो. पण या सरावाचा दुसरा अर्धा भाग निवासी डॉक्टरासाठी आहे आणि तो त्याच्या अनुपस्थितीत होऊच शकत नाही. पहिल्या प्रश्नालाच मान वर करून मोठ्याने उत्तर देणे, ‘सिस्टर, ऐकले, हा शेवटचा प्रयत्न, नाही जमला तर गळ्यातून’ असे म्हणणे, हे त्याला हाताच्या कौशल्याइतकेच घोटून घ्यावे लागते. ‘सर, थांबवा’ ही आज्ञा त्याने आयुष्यात प्रथम खऱ्या आणीबाणीत ऐकली, तर ती त्याला उद्धटपणा वाटण्याची शक्यता आहे. दहा वेळा सरावात ऐकली असेल, तर ती त्याच्या कानाला एक ठरलेला संकेत म्हणून पोचेल.

ब्रोमिली प्रकरणानंतरच्या काळात मार्गदर्शक सूचनांची मांडणीही याच दिशेने सरकली आहे. डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या सूचनांत लॅरिंगोस्कोपने नळी घालण्याचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न आणि अधिक अनुभवी व्यक्तीचा एक प्रयत्न अशी मर्यादा आहे. दुसऱ्या टप्प्यानंतर ‘थांबा आणि विचार करा’ अशी स्वतंत्र पायरी आहे. आणि अपयश मोठ्याने जाहीर करण्यावर भर आहे. मोजणी ठरलेली असली की ती खोलीतील कोणीही करू शकते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या व्हॉर्टेक्स पद्धतीत तर गळ्यातून मार्ग करण्याचा सेट कधी मागवायचा, कधी उघडायचा आणि कधी वापरायचा याच्या पायऱ्या प्रयत्नांच्या अपयशाशी आधीच जोडलेल्या आहेत. मला हा बदल अत्यंत महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये सेट आणणे ही एका परिचारिकेची वैयक्तिक धिटाई होती; अशा योजनेत ते तिचे नेमून दिलेले काम होते. नेमून दिलेल्या कामासाठी कोणाची नजर वाचावी लागत नाही. फोनच्या बाबतीतही तसेच करता येते. अमुक इतकी संपृक्तता अमुक इतक्या वेळात वर आली नाही तर अतिदक्षता विभागाला कळवणे ही परिचारिकेची जबाबदारी, असा लेखी नियम असला की तो फोन रद्द करण्यासाठी कोणीतरी तोंडाने तसे सांगावे लागेल.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी एकमेकांना नाव आणि काम सांगणे, हा भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत आहे. ही यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले आढळले. नाव सांगण्याच्या त्या अर्ध्या मिनिटाला अनेक ठिकाणी औपचारिकतेपुरते महत्त्व दिले जाते. वास्तविक, ज्याने सकाळी सर्वांसमोर एकदा तोंड उघडले आहे त्याला दुपारी पुन्हा तोंड उघडणे सोपे जाते.

आपल्याकडे हे प्रकरण वाचताना

भारतातही या परिस्थितीसाठी स्वतंत्र सूचना आहेत. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, आणि प्रयत्नांची मर्यादा, वेळेत मदत बोलावणे, शेवटी गळ्यातून मार्ग करणे हे सर्व त्यांत आहे. कागद तयार आहे. प्रश्न तो कागद खोलीतील सर्वांनी मिळून वाचला आहे का, हा आहे.

महाराष्ट्रात वैद्यकीय, परिचर्या, भौतिकोपचार अशा अनेक शाखांच्या पदव्या एकच विद्यापीठ देते : नाशिकचे, १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. एका विद्यापीठाखाली इतक्या शाखा असणे ही एकत्र शिक्षणासाठी फार मोठी सोय आहे. पण पदवी एका विद्यापीठाची असली तरी वर्ग वेगळे, वेळापत्रक वेगळे, वसतिगृह वेगळे आणि प्राध्यापकही वेगळे. एमबीबीएसचा विद्यार्थी आणि नर्सिंगची विद्यार्थिनी एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाच्या खाटेशी शिकतात, पण एकमेकांना काय शिकवले जाते याची त्यांना गंधवार्ता नसते. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत आणि आरोग्यसेवा पथकाचा नेता व सदस्य ही त्यांपैकी एक आहे. ‘नेता व सदस्य’ ही जोडी मला आवडते, कारण त्यातला ‘सदस्य’ होणे शिकवावे लागते. पथकातील बाकीची माणसेच वर्गात नसतील तर ते शिकवायचे कसे, याचे उत्तर मात्र प्रत्येक महाविद्यालयाने आपापले शोधायचे आहे.

आपल्या ओटीतील संबोधनांत उतरंड स्पष्ट ऐकू येते. डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, वॉर्डबॉय ‘मामा’, आया ‘मावशी’. यांत आपुलकी आहे आणि ती जपावी. शिवाय संबोधन बदलल्याने ऐकण्याची सवय आपोआप लागत नाही. ब्रिटनमध्ये अनेकदा नावाने हाक मारली जाते, तरीही तिथे हे घडले. त्यामुळे ‘आपल्याकडे फार अधिकारशाही आहे, तिकडे नाही’ अशी सोपी तुलना या प्रकरणातून काढू नये. आपल्याकडची खरी अधिकची अडचण मनुष्यबळाची आहे. एकेका अधिपरिचारिकेकडे दोन टेबले असतील आणि परिसेविका कागदपत्रांत अडकली असेल, तर दोन पावले मागे उभे राहून सबंध खोली पाहणारी ती व्यक्तीच उरत नाही. सरावाच्या वर्गात हे वास्तव लपवू नये. दोन माणसे कमी ठेवूनच सराव घ्यावा.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर चित्र संमिश्र आहे. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे एखाद्या विषयावरचे उपलब्ध अभ्यास पद्धतशीरपणे एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, आंतरव्यावसायिक शिक्षणावरचे पंधरा अभ्यास तपासले गेले. सातांत सकारात्मक परिणाम, चारांत संमिश्र आणि चारांत काहीच फरक नाही. अभ्यास एकमेकांपासून इतके भिन्न होते की त्यांतून एकच ठाम निष्कर्ष काढणे शक्य झाले नाही. यावरून हा उपक्रम निरुपयोगी ठरत नाही, पण एखाद्या दिवसाची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रे वाटली की संघ तयार झाला, असे मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. परिणाम दिसायचा असेल तर जी माणसे रोज एकत्र काम करतात त्यांनी, त्यांच्याच ओटीत, त्यांच्याच ट्रॉलीवर, पुन्हा पुन्हा सराव करायला हवा. बदली, पाळ्या आणि दर सहा महिन्यांनी बदलणारे निवासी डॉक्टर यांमुळे हे अवघड आहे, म्हणूनच ते वेळापत्रकात नाव घालून बसवावे लागेल.

वर्गात हे प्रकरण घ्यायचे असेल तर माझी सूचना अशी. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे मिश्र गट करावेत आणि घड्याळ ८.३९ वर थांबवावे. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहावे : या क्षणी मला काय दिसते आहे, काय ऐकू येते आहे, पुढच्या मिनिटात मी काय करणार आणि ते कोणाला, नाव घेऊन, सांगणार. मग कागदांची अदलाबदल व्हावी; भावी डॉक्टरने परिचारिकेचा कागद वाचून दाखवावा आणि तिने त्याचा. चर्चा चालवायला दोन शिक्षक असावेत, एक परिचर्येचे आणि एक भूलशास्त्राचे, आणि सरावानंतरचे विश्लेषण परिचर्येच्या शिक्षकाने सुरू करावे, कारण भूलतज्ज्ञाने आधी बोलल्यावर वर्गातही पुन्हा तेच शांतपणे मान डोलावणे सुरू होते. आणि ज्याला गुण नाहीत ते आपले विद्यार्थी शिकत नाहीत हे मान्य करून, याला प्रात्यक्षिक परीक्षेत गुण असावेत. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तिने केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले यासाठी, आणि भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टराला, ‘सेट उघडला आहे’ हे ऐकल्यावर पुढच्या दहा सेकंदांत त्याने काय उत्तर दिले यासाठी.